इन्सुलीत आपले स्वागत असो

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि घाटावरून, मुंबईहून, गोव्याहून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

देवी माउलीच्या या गावात मी आपले मनापासून स्वागत करतो. महामार्गाने गोव्याला जाणारे इन्सुलीला घाट आणि तपासणी नाका म्हणून ओळखतात. पण पलीकडचा पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडी संस्थानचाच होता, आणि त्याच महालात जन्मले डॉ. भाऊ दाजी लाड. त्यांना आम्ही आमचेच मानतो. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. महारोगावर त्यांनी कवठीच्या बियांचे तेल वापरून पाहिले. ही कडू कवठी आमच्या रानातली! नुसते औषध देऊन ते थांबले नाहीत; रोग्यांची उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे त्यांनी काढून ठेवली. मुंबईत त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्यांच्या मुलखात मात्र त्यांचे नाव नव्या पिढीला सांगावे लागते, याची मला खंत आहे.

आजचा आपला विषय म्हणजे कण्याचा तळ कटीच्या हाडाला जुळतो तो सॅक्रोइलियाक सांधा. १९२१ साली स्मिथ-पीटरसन यांनी तो जुळवण्याची शस्त्रक्रिया मांडली. १९३४ नंतर सगळे लक्ष मणक्यातल्या गादीकडे गेले आणि हा सांधा मागे पडला. आता लहानशा छेदातून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, टायटॅनियमचे तुकडे बसवून तो स्थिर करता येतो. मी वैद्य नाही. पण लावणीनंतर एसटीच्या बाकावर एका अंगावर तोलून बसलेली बाई मी पाहतो, आणि तिच्यासाठी ही परिषद इथे व्हावी असा हट्ट धरला. तिचे दुखणे नेमके याच सांध्याचे आहे का, हे सुई टोचून आधी पडताळतात म्हणे. ते पडताळणे गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात न जाता ओरोसच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात होऊ लागावे, एवढे मागणे आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्या पुरल्या नाहीत, काहींना घराघरांतून उतरवावे लागले. उकाडा आहे, वीज जाते. क्षमा असावी. मंडपाचे वासे देणारे, नारळ आणि उकडे तांदूळ पोचवणारे शेतकरी, पहाटेपासून घावणे घालणाऱ्या महिला, गाडी-डिझेलचा खर्च उचलणारे व्यापारी, परगावी राहून पैसे पाठवणारे चाकरमानी, शाळेचे वर्ग मोकळे करून देणारे शिक्षक, सर्वांचा मी ऋणी आहे. कोणी राहिले असल्यास राग धरू नये.

सोलकढी तयार आहे. उद्घाटकांनी समई प्रज्वलित करावी, ही विनंती.