मोटारीवरून सायकलींचा प्रवास

१ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. त्यानंतर कित्येक वर्षें एस्. टी.च्या टपावर पेट्या, वळकट्या आणि भाजीच्या पाट्या यांच्या जोडीला एखादी सायकलहि दिसत असे. मागच्या शिडीनें ती वर चढवावयाची, आडवी निजवावयाची आणि दोरीनें टपाच्या कठड्यास आवळून टाकावयाची, एवढाच काय तो विधि असे. सायकल जाडजूड लोखंडाची, गाडीचा वेग बेताचा आणि टप मुळांत ओझें वाहण्यासाठींच बांधलेला. त्यामुळें हें सर्व निभावून जाई.

आज या तिन्ही गोष्टी पालटल्या आहेत. सायकल हलकी, नाजूक व महाग झाली. मोटारीचा टप पातळ पत्र्याचा झाला. आणि वेग तर विचारूंच नये. दुसऱ्या बाजूस सायकल मोटारीनें नेण्याची गरज मात्र वाढली. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सायकलस्वारास मज्जाव आहे. शहराबाहेर पडण्याचे इतर रस्ते वाहनांनीं गजबजलेले असतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोंवतीं किंवा पांचगणी-महाबळेश्वरच्या थंड हवेंत सायकल फिरवावयाची, तर शहरांतील माणसास ती आधीं तेथवर न्यावी लागते. म्हणून कोणती मोटार घ्यावी व तिच्यावर कोणता रॅक बसवावा, हा प्रश्न आतां अनेक घरांत निघतो.

बहुतेक लोक प्रथम मोटार घेतात, मग रॅक शोधतात आणि सरतेशेवटीं सायकल त्यांत बसते कीं नाहीं हें पाहतात. हा क्रम उफराटा होय. प्रथम सायकलीचें माप, मग ती नेण्याची रीत आणि त्यानंतर मोटार, असा क्रम ठेवला म्हणजे पुष्कळ पैसा व मनस्ताप वांचतो.

मापांपासूनच आरंभ करूं. प्रौढ माणसाची सायकल सुमारें १७० ते १८० सेंटिमीटर लांब भरते. शर्यतीच्या सायकलीचें हॅंडल ४० ते ४४ सेंटिमीटर रुंद असतें, तर डोंगरी सायकलीचें ७५ ते ८०. वजन पाहिलें तर शर्यतीची सायकल ८ ते १० किलो, डोंगरी १२ ते १५, जुन्या घडणीची काळी सायकल २०च्या आसपास, आणि विजेवर चालणारी २० ते २५ किलो किंवा त्याहूनहि अधिक. सायकली किती, त्यांचें एकूण वजन किती, आणि मोटारींत माणसें किती बसणार, हे तीन आंकडे कागदावर मांडले कीं निम्मा निर्णय झालाच.

सायकल एकच असेल व माणसें दोन असतील, तर रॅकची मुळींच आवश्यकता नाहीं. मागची बैठक दुमडून व पुढचें चाक काढून सायकल लहान मोटारींतहि राहते. दोन्ही चाकें काढलीं तर आणखी जागा होते. सांखळीची बाजू वर ठेवावी, तेलाचे डाग पडूं नयेत म्हणून खालीं जुनी चादर अंथरावी, आणि ब्रेक लागतांच सायकल पुढें येऊं नये म्हणून ती पट्ट्यानें बांधावी. पाऊस, चोर आणि वारा या तिन्हींपासून सायकल सुरक्षित राहते, आणि खर्च चादरीपुरता.

सायकली दोन-तीन असून माणसेंहि तितकींच असलीं म्हणजे त्या बाहेर न्याव्या लागतात. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत टपाची. हींत डिकीचें दार मोकळें राहतें व मागचे दिवे झांकले जात नाहींत. परंतु टपावर किती भार चालतो हें मोटारीच्या माहितीपुस्तकांत पाहिलें पाहिजे. पुष्कळ मोटारींना ही मर्यादा ५० ते ७५ किलो असते, आणि तींत आडव्या दांड्या व रॅक यांचेंहि वजन धरावयाचें असतें. दांड्या ५ किलो, दोन रॅक मिळून ८ आणि १५ किलोच्या दोन सायकली, म्हणजे ४३ किलो झाले. तिसरी सायकल व तिचा रॅक चढवितांच ही बेरीज ६२वर जाते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडील कित्येक मोटारींच्या टपावर ज्या चकचकीत पट्ट्या दिसतात, त्या केवळ शोभेच्या असतात. त्यांवर भार टाकणें म्हणजे दाराच्या तोरणास झोपाळा टांगण्यासारखें आहे.

टपावरील सायकलीसह मोटारीची उंची अडीच मीटरांच्या वर जाते. तळघरांतील वाहनतळाच्या प्रवेशद्वाराशीं हें विस्मरण झालें, तर सायकल, रॅक व टप यांचा एकदमच चुराडा होतो. शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५० किलोमीटरच्या ऐवजीं १०० वेगानें गेल्यास तो चौपट होतो. त्यामुळें इंधन अधिक जळतें आणि रॅकच्या जोडांवरहि ताण येतो. उंच मोटारीवर १५ किलोची सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते, याचा विचार वयस्कर माणसानें अवश्य करावा.

दुसरी रीत डिकीच्या दारास पट्ट्यांनीं अडकविण्याच्या रॅकची. तो स्वस्त असतो व घडी करून ठेवतां येतो. परंतु त्याचे आंकडे दाराच्या कडांना धरतात. दारावर प्लॅस्टिकचा पंखा असेल किंवा वरचा भाग कांचेचा असेल, तर तो धोक्याचा. पट्टे वाटेंत सैल पडतात, रंगावर ओरखडे येतात, आणि सायकली उतरविल्याखेरीज डिकी उघडत नाहीं. कांहीं रॅकमध्यें सायकल दांड्यावर टांगली जाते. चौकट कार्बनची असेल तर दांडा चिमट्यांत आवळणें टाळावें. चाकांस धरणारा रॅक तिला योग्य.

तिसरी रीत मोटारीच्या मागें ट्रेलर जोडण्याच्या आंकड्यावर रॅक बसविण्याची. सायकल कमरेच्या उंचीवर ठेवतां येते, म्हणून विजेच्या जड सायकलींना हीच रीत सोयीची. युरोपांत हा आंकडा ५० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचा असतो, तर अमेरिकेंत दोन किंवा सव्वा इंची चौकोनी नळीचा. अमेरिकेंतील नातलगानें हौसेनें आणलेला रॅक युरोपीय गोळ्यावर बसत नाहीं, तो याचमुळें. आंकड्यावर उभा भार किती चालतो, हेंहि पाहावें. रॅक १८ किलोचा व विजेच्या दोन सायकली २५ किलोच्या, म्हणजे ६८ किलो झाले. मर्यादा ६०ची असेल तर हा बेत सोडलाच पाहिजे.

येथें कायद्याचा विचार येतो. मागची क्रमांकाची पाटी व दिवे झांकले जातां कामा नयेत. जर्मनींत रॅकवर तोच क्रमांक लिहिलेली जादा पाटी लावतां येते, आणि स्पेनमध्यें मागें डोकावणाऱ्या ओझ्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चौकोनी फलक लावावा लागतो. भारतांत १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षेची पाटी सक्तीची आहे. तिची नक्कल घरीं रंगवून भागत नाहीं. त्याचप्रमाणें १९८८च्या मोटार वाहन कायद्याचें ५२वें कलम वाहनाच्या मूळ घडणींतील फेरफारांवर बंधन घालतें. म्हणून मागाहून आंकडा बसविण्यापूर्वीं मोटारीच्या निर्मात्याची संमति पाहावी आणि परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी.

रॅक कशासाठीं हवा, यावरहि निवड अवलंबून असते. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली. अशा शर्यतींत स्पर्धकासोबतच्या मोटारीवर जादा सायकल सज्ज असते, आणि ती क्षणार्धांत खालीं यावी लागते. सहा महिन्यांतून एकदां सहलीस जाणाऱ्या कुटुंबास ही निकड नसते. त्यानें बळकटीकडे व काटकसरीकडे पाहावें.

आतां मोटारीची निवड सोपी होते. दुकानांत जातांना मापाची फीत खिशांत असावी. मागची बैठक सपाट दुमडते काय, डिकीचें दार किती रुंद उघडतें, टपास भार पेलणारे जोड आहेत काय, निर्मात्यानें मागच्या आंकड्यास परवानगी दिली आहे काय, आणि आपल्या वाहनतळाच्या छताखालून ती सायकलींसह जाईल काय, हे पांच प्रश्न विचारावे. उत्तरें मिळालीं म्हणजे मोठ्या मोटारीचा मोह पुष्कळदां आपोआपच ओसरतो.

निघण्यापूर्वीं बाटली, पंप व सुटे दिवे काढून घ्यावे. सायकल धरून जोरानें हलवावी. सायकलीबरोबर सारी मोटार डोलली पाहिजे. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टा व बोल्ट पुन्हां आवळावा, आणि खराब रस्त्यानंतर तोच पाठ गिरवावा.

हा सारा खटाटोप केवळ सायकल वांचविण्यासाठीं नव्हे. ताशीं १०० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या मोटारीवरून सुटलेल्या सायकलीच्या अंगीं जो जोर असतो, तो सुमारें ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडणाऱ्या सायकलीइतका असतो. महामार्गावर मागून येणारा मनुष्य पुष्कळदां मोटारसायकलीवर असतो आणि त्याच्या पाठीशीं बायको-मूल बसलेलें असतें. रॅकची किंमत ठरवितांना आणि त्याचा शेवटचा बोल्ट आवळतांना त्या अनोळखी कुटुंबाचाहि हिशेब धरावा.