झोप, स्मरणशक्ती आणि घराण्याचा वारसा
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्याच एका काकूंनी मला जिन्यात गाठलं. "आईला शेवटी शेवटी कोणीच ओळखू येत नव्हतं. मलाही रात्र-रात्र झोप नाही. माझंही तसंच होणार का हो?" त्यांच्या परवानगीनं आज त्यावरच बोलतो.

भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 'लासी-डॅड' या पाहणीचा अंदाज आहे. मूळ 'लासी' पाहणी मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेची. 'डॅड'मध्ये ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीबरोबर जनुकंही तपासली. (नाव 'डॅड' असलं तरी वारसा आईकडूनही येतो बरं का!)

एपीओई नावाचं एक जनुक आहे. एक प्रत आईची, एक वडिलांची. त्यातला 'चार नंबर'चा प्रकार वाट्याला आला तर अल्झायमरचा धोका वाढतो. वाढतो म्हणजे होतोच असं नाही, आणि तो नसलेल्यांनाही आजार होतो. आता गंमत बघा. शिकागो परिसरातल्या ६९८ ज्येष्ठांच्या मनगटाला यंत्र बांधून त्यांची झोप मोजली होती. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची झोप सलग, न तुटणारी, त्यांच्यात या चार नंबरचा जोर कमी दिसला. काकूंना मी हेच सांगितलं. अर्थात उलटही घडतं. मेंदूत बिघाड सुरू झाला की पुष्कळदा आधी झोपच मोडते.

घोरणारा माणूस सुखी, असं आपण समजतो. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, दचकून जाग येत असेल, पेपर वाचताना डुलकी लागत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, लक्ष लागत नाही, विसरायला होतं. जबड्याची ठेवण घराण्यातून येते, तसा हा त्रासही येतो. पण याच्यावर इलाज आहे. झोपेची तपासणी करायची, गरज पडली तर मास्कचं सीपॅप यंत्र. त्यासाठी दौलताबादहून संभाजीनगरला जावं लागेल. रविवारची किल्ल्याची गर्दी तेवढी टाळा. जाताना घोरण्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग न्या. ते वहिनींनी करावं, कारण घोरणारा कबूल करत नाही!

मेडिकलवरून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. या वयात त्यांनी गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो.

आणि वॉचमनची दर तासाची शिट्टी? तो विषय मी वार्षिक सभेत मांडणारच आहे.