तुंबलेल्या तारेची आडवाट



"या मार्गावरील सर्व लाईन व्यस्त आहेत." हे वाक्य इथल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. रात्रीचा स्वस्त दर सुरू होईपर्यंत एसटीडी बूथवर ताटकळायचं, नंबर फिरवायचा आणि कानावर हेच यायचं. ज्याला फोन केला तो माणूस मोकळाच असे, कदाचित फोनशेजारी वाट पाहत बसलेला. अडलेली असायची ती मधली वाट. त्या वाटेविषयी आज बोलायचं आहे.

साताऱ्याहून सांगलीला निघालं की कराड, पेठ नाका, आष्टा हा आपला नेहमीचा मार्ग. महामार्ग तुंबलाय असं कळलं, तर जाणता ड्रायव्हर रहिमतपूरकडे वळतो आणि विटा, तासगाव करत सांगली गाठतो. अंतर वाढतं, पण माणूस पोचतो. टेलिफोनचा कॉलही असाच वळवता येतो.

ट्रंक कॉलच्या काळात हे काम ऑपरेटर करत. साधा, अर्जंट, लायटनिंग, जशी निकड तसा कॉल बुक करून घरदार फोनभोवती बसे. तिकडे एक्स्चेंजच्या बोर्डावर दिवा लागला की ऑपरेटर दोरीचं टोक उचलून भोकात बसवी. थेट लाईन मोकळी नसेल तर शेजारच्या एक्स्चेंजला विचारी, "तुमच्याकडून सांगली मिळेल का?" याला 'व्हाया' म्हणत. कुठल्या वेळी कुठली लाईन सुटते, हा हिशोब ऑपरेटरच्या डोक्यात असे. आपल्यासाठी कुणीतरी वाट शोधतंय, हे घरी बसलेल्यांना कळतही नसे.

 १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान देशातली पहिली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट नंबर फिरवण्याची सोय, सुरू झाली. मग ऑपरेटरचं शहाणपण हळूहळू यंत्रात उतरलं: आधी थेट लाईन बघ, ती भरली असेल तर दुसरी वाट बघ, तीही भरली तर सगळ्यांच्या सामाईक मोठ्या मार्गावर जा. तिथेही जागा नसेल, तेव्हाच 'व्यस्त' म्हण.

पण लाईनीच भरपूर का टाकू नयेत? याचं उत्तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. अर्लांग या गणितज्ञाने दिलं. त्याचे निबंध १९०९ आणि १९१७ सालचे. समजा, दोन गावांमध्ये सरासरी दहा संभाषणं एकाच वेळी चालतील एवढी मागणी आहे. आपण म्हणू, दहा लाईनी पुरे. अर्लांगचं सूत्र सांगतं की दहा लाईनींवर १०० पैकी २१ कॉल परत जातील, कारण माणसं सरासरी पाहून फोन करत नाहीत. सांगलीत हळदीचे सौदे निघाले की भाव कळवण्याची घाई सगळ्यांना एकदम होते. शंभरात एकाहून कमी कॉल परतावा असं वाटत असेल, तर १८ लाईनी लागतात. प्रत्येक दोन गावांमध्ये एवढ्या जादा लाईनी टाकणं परवडत नाही. मात्र सगळ्या गावांची गर्दी एकाच घटकेला होत नाही. एकाची रिकामी लाईन दुसऱ्याच्या अडचणीला धावते, आणि आडवाट चालते ती या भरवशावर.

या भरवशाला एक मर्यादा आहे, आणि आज मला मुख्यतः तीच सांगायची आहे. थेट कॉल एक लाईन अडवतो. वळवलेला कॉल दोन अडवतो. गर्दी एका जागी असेल तर वळवल्याने ती हलकी होते. सगळीकडेच गर्दी असेल, तर एक वळवलेला कॉल दोन थेट कॉलना दाराबाहेर ठेवतो आणि कोंडी वाढत जाते. म्हणून अभियंत्यांनी नियम केला की शेवटच्या काही लाईनी थेट कॉलसाठीच राखायच्या, पाहुण्यांना तिथे मज्जाव. संकटग्रस्त गावाकडे येणारे कॉल तर ते निघतात तिथेच रोखता येतात, म्हणजे त्या गावातून बाहेर पडणाऱ्या हाकेला वाट उरते.

ऑगस्ट २०१९चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. अशा वेळी पुण्या-मुंबईतला प्रत्येक नातेवाईक पुन्हा पुन्हा नंबर लावत राहतो. त्याची माया खरी असते, पण त्याच मायेने गच्चीवर अडकलेल्या माणसाची लाईन अडते.

पूर्वी व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे 'पीपी' लिहिलेलं असे. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. एका घरी फोन यायचा आणि तिथून जिन्यातून हाक जायची. पुढच्या पुरात तीच रीत धरू या. प्रत्येक कुटुंबातल्या एकानेच फोन लावावा, दोन वाक्यांत विचारपूस करावी, फोन ठेवावा आणि खुशाली बाकीच्यांना त्याने कळवावी. तेवढ्यात सुटलेली लाईन कुणाला बोटीचा पत्ता विचारायला उपयोगी पडेल.