समुद्राचं शेवाळ आणि आपलं वावर



शेलूबाजारापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो पाहिलेलाही नाही. पण सोयाबीनवर फवारायला कृषी सेवा केंद्रातून जी तपकिरी द्रवाची बाटली येते, तिच्यावर पुष्कळदा लिहिलेलं असतं, ‘समुद्री शेवाळ अर्क’. थंड वड्या जमवायला आपण चायना ग्रास आणतो, तेही समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं. म्हणून हे शेवाळ जगतं कसं, समुद्रात काय काम करतं आणि ते काढतं कोण, हे आज समजून घेऊ.

शेवाळ म्हटलं की विहिरीच्या पायऱ्यांवरचा बुळबुळीत थर डोळ्यांपुढे येतो. समुद्रातलं शेवाळ त्याचंच नातलग, पण ते पानापानांचं, फांद्याफांद्यांचं वाढतं. काही थंड समुद्रांत तर ते झाडाहून उंच होतं. आपल्या कोकणात मालवणच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी ते उघडं पडलेलं दिसतं.

आपल्या पिकाला मूळ असतं, शेवाळाला नसतं. खाली मुळासारखं जे दिसतं, तो फक्त खडक धरून ठेवणारा पंजा. त्यातून ते अन्न ओढत नाही. अन्न ते आजूबाजूच्या पाण्यातून, सगळ्या अंगानं घेतं. ऊन मात्र त्याला पिकासारखंच लागतं. म्हणून ऊन पोचेल एवढ्याच खोलीवर ते वाढतं. सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाला हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या हवेच्या गोळ्या असतात. त्यांच्या जोरावर ते उन्हाकडे उभं राहतं. शेवाळाला फूल नाही, बी नाही. डोळ्यांना न दिसणारे बीजाणू पाण्यात सुटतात आणि खडकाला चिकटून नवीन शेवाळ उगवतं. रंगावरून त्याचे तीन गट मानतात: हिरवं, तपकिरी आणि लाल.

समुद्रात हे शेवाळ म्हणजे चारा आणि गोठा दोन्ही. गोगलगायी, मासे, हिरवी कासवं ते खातात. माशांची पिल्लं मोठ्या माशांपासून त्यात लपतात. तुटून किनाऱ्याला लागलेलं शेवाळ कुजतं, त्यावर खेकडे आणि किडे जगतात. पाण्यात विरघळलेला कार्बन वायू घेऊन ते प्राणवायू सोडतं. समुद्रातला बहुतेक प्राणवायू मात्र पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शेवाळामुळे तयार होतो, हेही लक्षात ठेवा.

आता हे काढतं कोण? तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बायाच हे काम करतात. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि श्वास रोखून बुडी मारायची. खडकांनी हात कापतात, पाय सोलतात. शेवाळ कमी होऊ नये म्हणून या बायांनी आपसात ठरवलं, की महिन्यातले फक्त १२ दिवस काढायचं. त्यांच्यातल्या चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. गायरान राखायचं तर चराईबंदी गावानंच पाळावी लागते, तसंच हे.

त्याच किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना शेवाळाचे तुकडे बांधून शेतीही होते. त्यात महिला बचत गट आहेत. सुमारे ४५ दिवसांत पीक काढणीला येतं. या शेतीतलं मुख्य शेवाळ, कप्पाफायकस, बाहेरच्या देशातून आणलेलं आहे. तिथल्या कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळावर पसरलेलं आढळलं. प्रवाळ म्हणजे माशांचं घर. तेव्हा बाहेरचं वाण कुठे लावायचं, हे समुद्रातही जपूनच ठरवावं लागतं.

आता आपल्या बाटलीकडे येऊ. शेवाळाचा अर्क पिकाची वाढ चेतवतो, ताण सोसायला मदत करू शकतो. पण ते खत नाही. त्याच्या भरवशावर खताची मात्रा कमी करू नका. २०२१ पासून अशी जैव-उत्तेजकं सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. म्हणून लेबल वाचा, उत्पादकाचं नाव आणि तारीख बघा, पक्कं बिल घ्या. आणि गटानं मिळून एक करा. एका वावरात काही तास फवारा, शेजारचे तेवढेच तास कोरे ठेवा. बाकी सगळं सारखं ठेवा. काढणीला दोन्हींचं सोयाबीन वेगळं मोजा. वाढलेल्या मालाचे पैसे बाटली आणि मजुरीपेक्षा जास्त आले, तरच पुढच्या वर्षी घ्या. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा तुमचा तराजू खरा.

शेवटची गोष्ट. आपल्या भागातली अडाण नदी पैनगंगेला मिळते. तिथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. धुऱ्यावरून वाहून गेलेली माती आणि युरिया त्याच वाटेनं जातात. गढूळ पाण्यात शेवाळाला ऊन मिळत नाही. खत फार झालं तर एकाच जातीचं शेवाळ माजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. म्हणून धुरा बांधणं, उताराला आडवी पेरणी करणं हे आपल्या मातीसाठी तर आहेच, पण दूर कुठे श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बाईसाठीही आहे.