खेळाडू, मालक आणि मत



आपला मुलूख कबड्डीचा आणि जत्रेतल्या कुस्तीचा. तरीही आज फुटबॉलचा विषय घेतला आहे, कारण खेळ थांबल्यावर खेळाडू कोठे जातो हा प्रश्न मल्लालाही चुकत नाही.

सिक्कीममधील तिनकिताम गावचा भाईचुंग भूतिया १९९३ साली कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळू लागला, १९९९ साली इंग्लंडच्या बरी क्लबात गेला आणि पुढे भारताचा कर्णधार झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय खेळ सोडला आणि त्याच वर्षी मायदेशी ‘युनायटेड सिक्कीम’ हा क्लब उभा केला. आता तो मालकांत जमा झाला! पण क्लब म्हणजे अकरा गडी नव्हेत. पगार, प्रवास, मुक्काम, दवापाणी. त्या वेळी सिक्कीमात रेल्वे नव्हती, विमानतळ नव्हता; परगावच्या सामन्याला निघायचे तर आधी डोंगर उतरायचा. २०१२ साली क्लब वरच्या साखळीत चढला. पुढल्याच हंगामात तळाला गेला. पैशाची ओढाताण होतीच. अर्थात, धनवान मालक असला म्हणजे भागते असेही नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता; कंपनीने तो २०१० साली बंद केला. आणि १८८५ सालचा तो बरी क्लब पैशापायीच २०१९ साली साखळीबाहेर काढला गेला.

मग भूतिया संघटनेकडे वळला. अखिल भारतीय महासंघाची निवडणूक मुदत संपूनही झाली नव्हती, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये ठरले, की राज्यसंघटनांच्या ३६ प्रतिनिधींबरोबर ३६ नामवंत माजी खेळाडूही मतदान करतील. केवढी मोठी गोष्ट! पण जागतिक संघटना फिफाला ते रुचले नाही. तिने भारताला निलंबित केले, आणि ऑक्टोबरात नवी मुंबईसह तीन शहरांत व्हावयाची मुलींची विश्वचषक स्पर्धा टांगणीला लागली. न्यायालयाने समिती बरखास्त केली, खेळाडूंची मते गेली, निलंबन उठले, स्पर्धाही झाली. मुलींच्या पदरची स्पर्धा वाचली, हे मी कमी लेखत नाही.

२ सप्टेंबरला मतदान झाले. समोर उभे होते कल्याण चौबे, कोलकात्याचे जुने गोलरक्षक. म्हणजे कोणीही येवो, १९३७ साली स्थापन झालेल्या महासंघाला पहिला खेळाडू अध्यक्ष मिळणारच होता. मते होती फक्त राज्यसंघटनांची, चौतीस. चौबे यांना तेहतीस पडली. भारताच्या कर्णधाराला एक.