वाकलेली कंबर सरळ करू या

"दिवसभर निंदण, वेचणी करतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" असं आपल्या गटात नेहमी विचारतात. पुण्याच्या योगशिक्षिका गीता अय्यंगार यांचं ऐका. त्यांचा जन्म १९४४ चा. लहानपणीच मूत्रपिंडाचा आजार जडला. वडील बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे आसनं शिकल्या, तब्येत सावरली. मग जन्मभर त्यांनी बायांना पाळी, गरोदरपण, उतारवय पाहून आसनं शिकवली.

कापूस वेचताना कंबर पुढेच वाकते, मागे कधी ताणली जात नाही. म्हणून आम्ही बैठकीआधी १० मिनिटं भिंतीला पाठ टेकून उभ्या राहतो, हात वर ताणतो. चालू औषध सोडायचं नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टरांना दाखवायचं. घरी कुणी विचारलंच, तर सांगा, हेही गटाचंच काम आहे.