मुख्याध्यापकाला विचारायला माणूस हवा



  बाघ नदीच्या दोन्ही तीरांवरचे, मध्य प्रदेशातले आणि महाराष्ट्रातले, शाळाप्रमुख आज राजेगावला जमले आहेत. त्यांच्यासाठी आपल्या भागात कोणकोणत्या सेवासुविधा आहेत याचा अध्यक्ष म्हणून मी आढावा घ्यावा, असे संयोजकांनी कळवले होते. तो थोडक्यात घेतो.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, त्यामागून गटसाधन केंद्रे आली. मध्य प्रदेशात तशीच साधन केंद्रे (बीआरसी), जनशिक्षा केंद्रे आणि जनशिक्षक आहेत. २००२चा जनशिक्षा अधिनियम आहे. शालेय नेतृत्वासाठी २०१२ साली दिल्लीत राष्ट्रीय केंद्र निघाले. २०१९ साली निष्ठा प्रशिक्षण आले. २०२०च्या धोरणाने शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. कागदावर आपल्याला काही म्हणता काही कमी नाही.

मग शाळेत काही विपरीत घडले की त्या संध्याकाळी मुख्याध्यापक एकटा का असतो? हा प्रश्न मी बरीच वर्षे मनात ठेवला आहे. आज बोलायची संधी मिळाली आहे, तर उरलेला वेळ त्यालाच देतो.

मी नदीच्या पलीकडे, गोंदियाकडच्या एका गावात नव्याने मुख्याध्यापक झालो, तेव्हाची गोष्ट. शाळेत खिचडी शिजवायला नवीन बाई आल्या. त्या कोणत्या समाजाच्या हे कळताच काही घरांनी मुलांना पंगतीत बसू देणे बंद केले. डबे आणणारी मुले एका बाजूला, ताटे घेऊन बसणारी दुसऱ्या बाजूला. मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ नियम मला पाठ होता. करायचे काय, हे कोणी सांगत नव्हते.

तेव्हा याच तीरावरचे एक वयस्क प्रधानपाठक कुणाच्या तरी लग्नात भेटले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘गुरुजी, पालकसभा घेऊ नका. सभेत माणूस माघार घेत नाही. एकेका घरी जा, आधी म्हाताऱ्यांशी बोला. अन् उद्यापासून तुम्ही स्वतः पंगतीत बसा, रोज.’ मी बसलो. माझी मुलगी त्याच शाळेत होती, तीही शेजारी बसली. दिवाळीच्या आत पंगत पुन्हा एक झाली. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नसते. त्यांच्या शाळेत तसेच घडून गेले होते म्हणून ते सांगू शकले.

सकाळच्या चर्चासत्रात मोठा वाद झाला: शाळाप्रमुख परीक्षेतून निवडावा की सेवाज्येष्ठतेतून? दोन्ही बाजू हिरिरीने बोलल्या. मी दोन्ही प्रकारचे मुख्याध्यापक जवळून पाहिले आहेत. परीक्षा देऊन आलेला एक तरुण आणि ज्येष्ठतेने आलेले एक गृहस्थ, दोघेही वेगवेगळ्या वर्षी माझ्या घरी एकच प्रश्न घेऊन आले. शाळेतला एक शिक्षक दारू पिऊन येतो, काय करू? तरुणाला शिस्तीचे नियम कलमासकट माहीत होते, ज्येष्ठांना गाव माहीत होते. पण नोटीस आधी द्यायची की घरी जाऊन त्याच्या बायकोशी आधी बोलायचे, वर्गातली मुले त्या दिवशी कोणाकडे सोपवायची, हे दोघांनाही विचारूनच ठरवावे लागले. म्हणून मला हा वाद पोकळ वाटतो. कोणत्याही दाराने या, आत आल्यावर विचारायला माणूस लागतोच.

मूळ कल्पनेत तो माणूस केंद्रप्रमुख होता, तुमच्याकडे जनशिक्षक. ही माणसे चांगली आहेत, त्यांतले अनेक माझे मित्र आहेत. पण आपण त्यांचे काय केले? त्यांना माहिती गोळा करायला लावले. ‘आज पाचपर्यंत पाठवा’ एवढाच त्यांचा आणि आपला संवाद उरला. शिवाय शाळेची तपासणीही त्यांच्याचकडे. ज्याच्या हातात आपल्या शाळेचा अहवाल आहे, त्याच्यापुढे आपली अडचण कोण उघडी करील? मी स्पष्ट सांगतो, तपासणारा आणि आधार देणारा एकच असेल तर आधार मिळत नाही. ही दोन कामे वेगळी केलीच पाहिजेत, आणि ही मागणी करताना आपण भीड बाळगता कामा नये.

दुसरे गाऱ्हाणे लहान शाळांचे आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत १५०हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक दिला. उच्च प्राथमिकला ही अट १००ची आहे. आपल्या भागातल्या किती गावांत एवढी मुले आहेत? उरलेल्या शाळांत प्रभारीच. तो दोन वर्ग एकत्र शिकवतो, धान्याची नोंद ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, आणि त्यालाच ‘नेतृत्वविकासा’ला बोलावतात. तो प्रशिक्षणाला गेला की शाळा निम्मी बंद. लहान शाळेच्या प्रमुखाला आधाराची गरज सर्वांत जास्त, आणि कायद्याच्या लेखी तो मुख्याध्यापकच नाही.

आणि तिसरे, ही नदी. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत दोन्ही तीर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर, शिक्षणखाते एक. मग गोंदिया तिकडे गेले, बालाघाट इकडे राहिले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. आजही मूल इकडून तिकडे आजोळी राहायला जाते, मध्य प्रदेशाचा समग्र आयडी घेऊन. तिकडची शाळा महाराष्ट्राच्या सरल प्रणालीचा क्रमांक मागते. घरात पोवारी किंवा मराठी, इकडच्या वर्गात हिंदी. दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांचा प्रश्न एकच आहे, पण दोघांची साधन केंद्रे एकमेकांना ओळखत नाहीत.

शेजारच्या शाळांनी एकमेकींना ओळखावे ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात जवळपासच्या शाळांचे समूह करा, त्यांनी एकमेकींना धरून चालावे, असे सुचवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. २०२०च्या धोरणात शाळासंकुलाची तीच कल्पना पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरासाठी पुन्हा आली आहे. राजेगावला मध्य धरून तेवढे वर्तुळ काढा, त्याचा बराच भाग गोंदिया जिल्ह्यात जातो. शासनाचे वर्तुळ मात्र पुलाशी थांबणार.

तेव्हा काय करायचे? निवृत्त आणि अनुभवी मुख्याध्यापकांचा एक गट व्हावा, त्यांच्याकडे कसलाही अहवाल नसावा. दोन्ही डाएटनी निदान वर्षातून एकदा दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांना एकत्र बसवावे. खर्चाचे, मान्यतेचे कसे, ते कार्यकारिणीने ठरवावे. माझ्याकडे त्याचा आराखडा तयार नाही आणि मी तो आज मांडत नाही.

शासन येईल तेव्हा येईल. आज जेवणाला बसताना आपल्याच जिल्ह्याच्या ओळीत बसू नका. नदीपलीकडच्या एका तरी मुख्याध्यापकाचा फोन नंबर घ्या, आपला द्या, आणि तो रात्री दहाला वाजला तरी उचला.